हेडसेट उतरवल्यावर कामगाराच्या हातात काय उरतं? रासायनिक कारखान्यांच्या व्यवस्थापनांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या रासायनिक कारखान्यांचे मालक, कारखाना व्यवस्थापक आणि प्रशिक्षणाच्या खर्चाला मंजुरी देणारे सर्व अधिकारी

महोदय,

रासायनिक पट्ट्यातल्या काही कारखान्यांत अलीकडे एक नवा शिरस्ता पडतो आहे. कंत्राटी कामगाराला गेटपास देण्याआधी जो प्रत्यक्ष सराव घ्यायचा, तो वेळापत्रकातून काढून त्याच्या जागी वीस मिनिटांचं व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं सत्र बसवलं जातं. कामगार हेडसेट चढवतो, बंद टाकीत उतरायचा प्रसंग पार पाडतो, शेवटी समोर गुण झळकतात. मग रजिस्टरवर सही किंवा अंगठा, आणि पुढे 'प्रॅक्टिकल पूर्ण' असा शिक्का. दुसऱ्या दिवशी तोच माणूस ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या, खड्ड्याशी किंवा रासायनिक प्रक्रिया चालते त्या रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलपाशी उभा असतो.

हा शिक्का आम्हाला मान्य नाही. आम्ही औद्योगिक सुरक्षेचं प्रशिक्षण देतो. त्या रजिस्टरवर कामगाराच्या सहीशेजारी प्रशिक्षक म्हणून आमची सही असते. त्या सहीचा अर्थ 'या माणसाला हे काम करता येतं' असा होतो, आणि वीस मिनिटांच्या सत्राच्या जोरावर तसं लिहून द्यायला आम्ही तयार नाही. हे पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण ते कामगारांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि ठेकेदारांनीही वाचावं.

आमचा व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीला विरोध नाही, हे आधीच सांगतो. काही गोष्टी तिच्याइतक्या चांगल्या दुसऱ्या कशानेच शिकवता येत नाहीत. रिअ‍ॅक्टरचं कूलिंग बंद पडलं, तापमान चढायला लागलं, फीड, म्हणजे आत कच्चा माल सोडणं, चालूच आहे. हा प्रसंग खऱ्या प्लँटवर सरावासाठी घडवून आणता येत नाही. हेडसेटमध्ये तो रोज घडवता येतो, आणि आधी फीड बंद करायची की आधी अलार्म द्यायचा, हा निर्णय ऑपरेटरला घाईत घ्यायला लावता येतो. वायुगळती झाल्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघायचा, वाऱ्याला आडवं पळून गळतीच्या झोतातून बाहेर पडायचं आणि मग वाऱ्याच्या उगमाकडे सरकायचं, हे फळ्यावर शंभरदा सांगून डोक्यात शिरत नाही. धूर आणि गोंगाट समोर असताना दोनदा केलं की शिरतं. उंचीवर कोणाला घाबरायला होतं, हे तीस मीटरच्या खऱ्या शिडीवर कळण्यापेक्षा खोलीत कळलेलं बरं. धोके ओळखणं, कामाचा क्रम पाठ होणं, क्वचित घडणारे प्रसंग हाताळणं ही तिची खरी कामं.

आमचं भांडण तिच्याकडून भलतंच काम करून घेण्याशी आहे. तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार सगळ्यात मोठी. बंद जागेत उतरण्याचं प्रशिक्षण हे हातांचं, नाकातोंडाचं आणि संयमाचं प्रशिक्षण आहे. गॅस डिटेक्टरच घ्या. हेडसेटमधल्या टाकीत डिटेक्टर धरला की आकडा लगेच उमटतो. खऱ्या टाकीत वायू आधी नळीतून वर खेचला जावा लागतो, नळीच्या दर मीटर लांबीमागे काही सेकंद जातात, आणि त्यानंतर सेन्सरला आकडा स्थिर करायला अर्धा मिनिट लागू शकतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवर निदान एक-दोन मिनिटं थांबायचं असतं. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. मिथेन हलका, वर जातो. मॅनहोलच्या तोंडाशी एकदा डिटेक्टर धरून 'ओके' म्हणणारा कामगार तळाबद्दल काहीच जाणत नाही. सत्रात दहादा झटपट आकडा पाहिलेल्या माणसाला झटपट आकड्यावर विसंबायची सवय लागते. विमानचालनात याला नकारात्मक प्रशिक्षण म्हणतात. सिम्युलेटरने चुकीची सवय लावली, तर न शिकलेल्यापेक्षा शिकलेला माणूस जास्त धोक्यात येतो.

त्यातच एक बारकावा आहे, जो आम्ही पाहिलेल्या सत्रांत कुठेच नव्हता. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा कॅटॅलिटिक सेन्सर तो वायू आतल्या आत जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत हा सेन्सर कमी किंवा शून्य आकडा दाखवतो, मग आत सॉल्व्हंटची कितीही वाफ असो. म्हणून आधी ऑक्सिजन वाचायचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल तर पुढच्या आकड्यांकडे पाहून हुरळायचं नाही. आणि हे सगळं करण्याआधी डिटेक्टरला ओळखीचा वायू देऊन तो बोंबलतो का, ही बंप टेस्ट घ्यायची. सत्रातला डिटेक्टर कधी बिघडतच नाही, त्यामुळे बंप टेस्टची गरज कामगाराला पटायची कशी?

पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन वापरायच्या श्वसनयंत्राचंही तसंच. सहा लिटरचं सिलिंडर ३०० बार दाबाला भरलं तर त्यात सुमारे १८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरली तर पंचेचाळीस मिनिटं. पण घाबरलेला, वजन ओढणारा माणूस याच्या दुप्पट हवा सहज ओढतो, म्हणजे वेळ निम्म्यावर येतो. साधारण ५५ बारला शिट्टी वाजते, तेव्हा ३३० लिटर उरलेली असते. शांत माणसाला आठ मिनिटं, धापा टाकणाऱ्याला चार. आपल्याला नेमकी किती पुरते, हे प्रत्येकाला स्वतःच्या छातीवरून कळायला हवं. पोलादी सिलिंडरसह पंधरा किलोंच्या आसपासचा संच पाठीवर घेऊन, मास्क लावून, मॅनहोलमधून वर-खाली केल्याशिवाय ते कळत नाही. हेडसेट लावलेल्या तोंडावर मास्क बसूच शकत नाही, त्यामुळे मास्कच्या कडेतून हवा गळते का, दाढीमुळे सील सुटतं का, हे तपासण्याचा प्रश्नच मिटतो. 'मास्क घातला' या बटणाला गुण मिळतात आणि काम झालं असं धरलं जातं.

फिटरचं काम पाहा. फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळलेला पाइपचा सांधा, उघडताना आपल्यापासून लांबच्या बाजूचा बोल्ट आधी सैल करायचा, बोल्ट पूर्ण न काढता दोन-तीन आटे सोडून फट पाडायची, आत दाब किंवा द्रव राहिला असेल तर तो पलीकडे उडू द्यायचा. हा क्रम हेडसेट उत्तम शिकवतो. पण तिथे हातात असतो शे-दीडशे ग्रॅमचा कंट्रोलर, आणि मनगट वळवलं की बोल्ट सुटतो. खरा बोल्ट गंजलेला असतो. पान्याला पाइप लावून जोर द्यावा लागतो, तो एकदम सुटतो आणि माणसाचा तोल फ्लँजच्या तोंडाकडे जातो. पाय कुठे रोवायचे, तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, हे अंगाला जोर लागल्याशिवाय शिकता येत नाही.

दुसरी तक्रार माणसांच्या संख्येची. आमच्या पाहण्यातली सत्रं एकट्या माणसासाठी असतात. बंद जागेतलं काम एकट्याचं कधीच नसतं. आत उतरणारा, मॅनहोलपाशी उभा राहणारा, पर्मिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, देणारा आणि सुटकेची तयारी ठेवणारा अशी ती टोळी असते. यातला बाहेरचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं सगळ्यात अवघड काम म्हणजे आतला साथीदार कोसळला तरी आत उडी न मारणं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ मध्येच लिहून ठेवलं आहे की बंद जागांमधल्या मृत्यूंत साठ टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली होती. आपल्याकडे गटारात किंवा टाकीत एकामागोमाग एक तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो. ती ओढ रोखायची तर तिपाई, विंच, हार्नेस आणि पन्नास-साठ किलोंची वाळूची पोती घेऊन ओढण्याचा सराव व्हावा लागतो. विंचने माणूस बाहेर काढता येतो, हे स्वतः करून पाहिलेलाच त्या क्षणी विंचकडे धावतो. लॉक-टॅगचंही, म्हणजे दुरुस्तीआधी यंत्र बंद करून त्याला कुलूप आणि सूचनेची पट्टी लावण्याचंही, तेच. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, प्रत्येकाची किल्ली स्वतःच्या खिशात, आणि कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच मेलं आहे का हे पाहणं. एकट्याच्या सत्रात एकच कुलूप असतं. मग पाच जणांच्या टोळीत पाच कुलपं का, हा प्रश्न त्याला पडणार तरी कधी?

तिसरी तक्रार ज्या आकड्यांवर हे निर्णय घेतले जातात त्यांबद्दल. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत 'चौपट वेगाने शिक्षण' आणि '२७५ टक्के जास्त आत्मविश्वास' ही वाक्यं हमखास दिसतात. हे आकडे पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातले आहेत. तो अभ्यास अमेरिकेतल्या नव्या व्यवस्थापकांना सर्वसमावेशक नेतृत्व शिकवण्याबद्दल होता. व्हॉल्व्ह, गॅस किंवा टाकी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिवाय वाढला तो आत्मविश्वास, म्हणजे शिकलेलं वापरता येईल अशी स्वतःची खात्री. मॅनहोलच्या तोंडाशी कौशल्याविना वाढलेला आत्मविश्वास ही आमच्या दृष्टीने धोक्याची खूण आहे.

अभ्यासच पाहायचा तर येल विद्यापीठातला २००२ चा पाहा. सोळा शिकाऊ सर्जनांपैकी काहींना पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी सिम्युलेटरवर सराव दिला. ते २९ टक्के जलद काम करू लागले, आणि सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलता भाग भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. निकाल फार चांगला आहे. पण तो मिळाला कसा, हे वाचा. तिथे सरावाला वीस मिनिटांची मर्यादा नव्हती. अनुभवी सर्जनांची पातळी गाठेपर्यंत सराव चालू ठेवला होता. आणि त्यानंतरची खरी शस्त्रक्रिया ज्येष्ठ सर्जनच्या नजरेखाली झाली. तुम्ही यंत्र घेतलं, पण ज्यामुळे यंत्र उपयोगी पडलं ती पद्धत घेतली नाही.

चौथी तक्रार भाषेची आणि जागेची. कंत्राटी कामगार मराठवाड्यातून येतो, तसा बिहार, झारखंड आणि ओडिशातूनही येतो. सत्रातला आवाज इंग्रजीत, नाहीतर 'कृपया वाल्व को घड़ी की दिशा में घुमाएँ' असल्या छापील हिंदीत. प्लँटवर असं कोणी बोलत नाही. मराठी असली तर 'झडप परिवलित करा' ऐकू येतं. सूचना कळली नाही की माणूस शेजारच्याला विचारून बटणं दाबतो आणि गुण मिळवतो. त्यात पडद्यावरचा प्लँट कुठल्या तरी परदेशी रिफायनरीचा. आपल्या प्लँटवर डाव्या हाताला असलेला, लाइन तोडणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह तिथे उजवीकडे, आपल्या पर्मिटवर असलेली सही तिथे नाहीच. तयार सत्र स्वस्त मिळतं हे खरं, पण त्यातल्या पायऱ्या तुमच्या लेखी कार्यपद्धतीशी जुळतात का, हे कोणी ताडून पाहिलं?

पाचवी, हेडसेट वापरण्यातली हेळसांड. हे छोटं वाटेल, पण रोज घडतं. दोन बुबुळांमधलं अंतर प्रौढांमध्ये साधारण ५४ ते ७४ मिलिमीटरपर्यंत असतं. प्रत्येकासाठी भिंगं सरकवून जुळवावी लागतात, नाहीतर चित्र धूसर दिसतं आणि डोकं चढतं. चाळीस जणांची रांग उरकायची असते तेव्हा हे कोणी करत नाही. एकाच्या घामाने भिजलेला फोम पुढच्याच्या तोंडावर जातो. डोळे येण्याच्या साथीत याचा परिणाम काय, हे वेगळं सांगायला नको. फोमवर पुसता येणारं सिलिकॉनचं कव्हर हवं, दोन-तीन संच आलटून-पालटून हवेत, आणि भिंगं फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसायची. सॅनिटायझर लावला की भिंगावरचा लेप जातो. हेडसेट खिडकीत ठेवला तर भिंगातून ऊन एकवटून आतला पडदा कायमचा जळतो. उभं राहून करायच्या सत्राला निदान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. कॉन्फरन्स रूममध्ये टेबल सरकवून केलेल्या कोपऱ्यात ती मिळत नाही.

डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही, म्हणून काहींना मळमळतं, घाम फुटतो, गरगरतं. बरं वाटेपर्यंत गाडी किंवा यंत्र चालवू नका, असं उत्पादकच आपल्या सूचनांमध्ये लिहितात. तरी सत्र संपल्यावर माणसाला सरळ शिफ्टवर पाठवलं जातं, कधी फोर्कलिफ्टवरसुद्धा. मळमळ सांगितली तर गेटपास अडेल, या भीतीने कामगार गप्प राहतो.

सहावी तक्रार आम्हाला सर्वात जास्त खुपते. प्रत्येक सत्राची नोंद साठते: किती सेकंद लागले, कुठे चुकला, किती गुण. अपघात झाल्यावर 'याला प्रशिक्षण दिलं होतं, नव्वद टक्के गुण होते, चूक त्याची' असं म्हणायला ही नोंद वापरली जाईल, ही भीती कामगारांत आहे आणि ती निराधार नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात लिहिला गेला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख यांची जबाबदारी मालकावरच आहे. ती पडद्यावरच्या गुणांनी कामगाराच्या गळ्यात घालता येणार नाही. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ मध्ये, महाडला २०२३ मध्ये कारखान्यांत जे स्फोट झाले, त्यानंतर तरी कागद पुरे करण्याची ही घाई थांबायला हवी होती.

आमच्या मागण्या अशा.

हेडसेटवरचा वेळ प्रत्यक्ष सरावाच्या तासांत धरू नका. तो सरावाआधीची तयारी म्हणून वेगळा नोंदवा. बंद जागा, लॉक-टॅग, फ्लँज उघडणं, श्वसनयंत्र आणि अग्निशामक या पाच कामांचा 'प्रॅक्टिकल पूर्ण' शिक्का प्रशिक्षकाने समोर उभं राहून पाहिल्याशिवाय मारला जाऊ नये. अग्निशामक तर प्रत्येकाने एकदा खराच चालवायला हवा. सहा किलोंचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, हे हातात धरल्यावरच पटतं.

सरावासाठी टाकी उभी करा. त्याला फार पैसा लागत नाही. भंगारातली, धुऊन वायुमुक्त केलेली एखादी जुनी टाकी, तिला मॅनहोल, वर तिपाई आणि विंच, बाजूला बाद झालेले व्हॉल्व्ह आणि फ्लँज लावलेली पाइपची एक रांग, एक बंद मोटर आणि तिचं पॅनल. मेंटेनन्सची माणसं हे आठवड्याभरात जोडून देतात. हेडसेटसाठी पैसे मंजूर होतात, तर यासाठीही व्हावेत.

प्रत्येक सत्र वापरात आणण्याआधी तुमच्याच प्लँटचा एक फिटर, एक ऑपरेटर आणि सुरक्षा अधिकारी यांनी ते लेखी कार्यपद्धतीशी ताडून सही करावी. जिथे फरक आहे तिथे सत्र सुधारावं, आणि तोवर तो भाग बंद ठेवावा. प्लँटमध्ये बदल झाला की ही तपासणी पुन्हा व्हावी.

उत्तीर्ण होण्याची अट वेळेवर नको. लागोपाठ दोन वेळा एकही गंभीर चूक न करता पूर्ण केलं तरच पुढे, आणि तीन महिन्यांनी टाकीवर पुन्हा एकदा तपासणी. आवाज मराठीत आणि कामगारांच्या बोलीच्या हिंदीत रेकॉर्ड करा, तोही प्लँटवरच्याच माणसाकडून. हेडसेटमधलं दृश्य बाहेरच्या पडद्यावर दिसलं पाहिजे, म्हणजे प्रशिक्षकाला मध्ये थांबवून विचारता येईल. एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, नंतर निदान अर्धा तास उंचीवरचं किंवा यंत्रावरचं काम नको. मळमळणाऱ्याला टाकीवरच्या सरावाचा पर्याय मिळावा आणि त्यासाठी त्याचा गेटपास अडू नये.

गुणांची नोंद फक्त प्रशिक्षणासाठी वापरली जाईल, असं लेखी द्या. तिची प्रत कामगाराला मिळावी, ठेकेदाराला ती कामावरून काढण्यासाठी देऊ नये. कायम कामगारांना जेवढे तास, तेवढेच कंत्राटी कामगारांना द्या. त्या तासांची मजुरीही द्या, कारण आज अनेक ठिकाणी प्रशिक्षणाचा दिवस बिनपगारी धरला जातो.

या मागण्यांवर तुमचा निर्णय सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत, कामगार प्रतिनिधींसमोर घ्या. तो इतिवृत्तात नोंदवा आणि मराठी व हिंदीत गेटवरच्या फलकावर लावा. टाकी उभी करायला, सत्रं तपासायला आणि प्रशिक्षकांच्या तुकड्या तयार करायला आम्ही येऊ. मात्र या बदलांशिवाय आलेल्या 'प्रॅक्टिकल पूर्ण'च्या रजिस्टरवर यापुढे आम्ही सही करणार नाही.

आपले,
औद्योगिक सुरक्षा प्रशिक्षणाचं काम करणारे आम्ही काही जण